फळा आला, पण बाईंच्या सोबतीला कोण?

"पाव्हणं, चहा होईस्तोवर चला, आमच्या शाळेतला नवा फळा दाखवतो," तात्या म्हणाले आणि पायात चपला सरकवून पुढे चालू लागले.

गणपतीच्या आधीची गोष्ट. अकलूजपासून दोन कोसांवरच्या एका वस्तीवर साडूंकडे गेलो होतो. चारी बाजूंनी उसाचे रान, मध्ये दोन खोल्यांची शाळा, दारात कडुनिंब. तात्या म्हणजे साडूंचे चुलते. त्यांची नात याच शाळेत चौथीला आहे. शाळेला टच फळा हवा म्हणून वस्तीने लोकवर्गणी काढली, त्यात तात्या सर्वांच्या पुढे होते. कुणी पाचशे दिले, कुणी उसाचे बिल आल्यावर दिले. एका म्हातारीने कोंबड्या विकून शंभर रुपये आणून ठेवले होते म्हणे.

वर्गात शिरलो. भिंतीवर भलामोठा फळा. त्यावर वेलबुट्टी काढलेला कापडी रुमाल, वर उद्घाटनाचा वाळलेला हार. तात्या म्हणाले, "बाई, लावा की जरा." बाईंनी रुमाल काढला, बटण दाबले. पडदा उजळला. बाईंनी बोटाने तारीख लिहिली, सुविचार लिहिला आणि फळा बंद करून रुमाल पुन्हा चढवला.

बाहेर आल्यावर तात्या म्हणाले, "बघितलंत? पैसं पाण्यात गेलं. खडूनं लिवायचं तेच आता बोटानं लिवत्यात. बाईस्नी येतच न्हाई, त्याला कोण काय करणार!" मीही मान हलवली.

आम्ही निघालो तशा बाई मागून आल्या. तात्या पुढे गेले होते. बाई हळू आवाजात म्हणाल्या, "काका, तुम्ही लिहिता म्हणून सांगते. फळा बसवायला जो माणूस आला, त्यानं अर्ध्या तासात बटणं दाखवली आणि गाडीला किक मारली. नंतर एक दिवसाचं प्रशिक्षण झालं. पुढं एक फळा आणि खुर्च्यांवर आम्ही शंभरजण. बोट लावायची पाळी माझ्यापर्यंत आलीच नाही. वर्गात शिकवायला उभी राहिले, तर फळ्यावर आपोआप रेघा उमटायला लागल्या. पोरं हसली. दुसऱ्यांदाही तसंच झालं. मला वीस वर्षं झाली शिकवायला. चौथीच्या पोरांनी मला कधी हसलं नव्हतं. तिसऱ्यांदा नको वाटतं."

मंडळी, मघाशी हलवलेल्या मानेची मला लाज वाटली. कारण अगदी असाच प्रसंग माझ्यावर माझ्याच रानात आला होता.

आम्ही उसाला पहिल्यांदा ठिबक बसवले तेव्हाची गोष्ट. बसवणारी मंडळी आली, नळ्या अंथरल्या, पाणी सुरू करून दाखवले आणि गेली. तिसऱ्या महिन्यात निम्मे ड्रिपर बंद. कुठे चिखल, कुठे कोरडे. मी नळ्या गुंडाळून बांधाला टाकल्या आणि पुन्हा पाटाने पाणी द्यायला लागलो. गावात बोलणे सुरू झाले की याला ठिबक जमत नाही. पुढे शेजारचा एक पोरगा सकाळी येऊन माझ्याबरोबर रानात बसला. फिल्टर कसा धुवायचा, फिल्टरच्या दोन्ही बाजूंचा दाब का बघायचा, नळीच्या शेवटची टोपी काढून गाळ कसा सोडायचा, हे त्याने माझ्याच हातून करून घेतले. आठवड्याने परत येऊन बघून गेला. तेव्हापासून आजतागायत ठिबक चालू आहे. दोष नळ्यांचा नव्हता, माझ्या डोक्याचाही नव्हता. माझ्या रानात येऊन माझ्या हाताला वळण लावणारा माणूस तेवढा आला नव्हता.

शाळेतल्या यंत्रांचे आजवर पुष्कळ वेळा असेच झाले आहे. १९८४ साली केंद्र सरकारने 'क्लास' नावाची योजना काढली. देशातल्या अडीचशे शाळांत बीबीसी मायक्रो नावाचे इंग्लंडचे संगणक बसवून तिचा आरंभ झाला. त्या काळी संगणकाच्या खोलीत चप्पल बाहेर काढून जायचे आणि यंत्रावर कापड असायचे, हे पुष्कळांना आठवत असेल. यंत्राची पूजा झाली, पण गणिताच्या वा मराठीच्या गुरुजींच्या रोजच्या तासात ते फारसे उतरले नाही. परदेशातही निराळे घडले नाही. दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशाने मुलांना दहा लाखांहून अधिक लॅपटॉप वाटले. युनेस्कोच्या २०२३ च्या अहवालाने त्याचा स्पष्ट निकाल सांगितला आहे. शिकवण्याच्या पद्धतीत ते यंत्र गुंफले गेले नाही, म्हणून मुलांच्या शिक्षणात वाढ झाली नाही.

याउलट एक जुने उदाहरण आपल्या शेजारचेच आहे. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या एका वर्षात उपग्रहावरून खेड्यांत टेलिव्हिजन दाखवण्याचा 'साइट' प्रयोग झाला. सहा राज्यांतली सुमारे चोवीसशे गावे त्यात होती. आपल्या सोलापूर जिल्ह्याला लागून असलेले त्या वेळचे विजापूर आणि गुलबर्गा हे जिल्हेही त्यात होते. त्या प्रयोगात हजारो प्राथमिक शिक्षकांना विज्ञान शिकवण्याचे प्रशिक्षण दिले गेले. ते देताना नुसता टेलिव्हिजन लावून दिला नाही. जोडीला रेडिओ होता, छापील साहित्य होते, हाताने करायचे प्रयोग होते आणि आपसात चर्चा होती. पन्नास वर्षांपूर्वीच्या माणसांना हे कळले होते की पडदा एकटा शिकवत नाही.

आता कुणी म्हणेल, आपल्या भागात कुणाला जमले का? जमले की! शेजारच्या माढा तालुक्यातल्या परितेवाडीचे उदाहरण सगळ्या जगाने पाहिले. रणजितसिंह डिसले गुरुजी २००९ साली तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेवर रुजू झाले, तेव्हा शाळेच्या मोडक्या इमारतीच्या एका अंगाला गुरांचा गोठा होता. त्यांनी पाठ्यपुस्तकात ठिपक्यांचे चौकोनी शिक्के चिकटवले. त्यालाच क्यूआर कोड म्हणतात. मोबाइलचा कॅमेरा त्यावर धरला की त्या धड्याची कविता ऐकू यावी, चित्रफीत दिसावी, गृहपाठ मिळावा, अशी सोय केली. २०१७ साली राज्य सरकारने सगळ्या इयत्तांच्या पुस्तकांत असे कोड घालायचे जाहीर केले. पुढच्या वर्षी केंद्राने एनसीईआरटीच्या पुस्तकांसाठी तेच जाहीर केले. ३ डिसेंबर २०२० रोजी डिसले गुरुजींना दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली.

यातून काय घ्यायचे? गुरुजींकडे यंत्र होते, ही गोष्ट दुय्यम. माझ्या पोरांना नेमके काय अडते, हा प्रश्न त्यांनी आधी विचारला आणि यंत्र नंतर शोधले. पण मंडळी, प्रत्येक वस्तीवर एक डिसले गुरुजी निपजतील अशी वाट बघत बसणे म्हणजे प्रत्येक रानात विहिरीला आपोआप पाणी लागेल म्हणण्यासारखे आहे. सामान्य, कष्टाळू, थोड्या भित्र्या गुरुजी-बाईंचे काय? गावोगाव शाळा त्यांच्याच जिवावर चालतात.

मी अकलूजला परतल्यावर ओळखीच्या एका शिक्षकाला फोन लावला. दुसऱ्या गावच्या शाळेत ते असाच फळा रोज वापरतात. म्हटले, "सर, एक दिवस बाईंच्या वर्गात बसाल का? भाषण करायला नको, नुसतं बसायला." ते म्हणाले, "बसतो की. मलाही कुणीतरी असंच बसून शिकवलंय." वरिष्ठांची परवानगी काढून ते एका शनिवारी गेले. मीही पाठोपाठ गेलो.

सरांनी पहिले काम काय केले असेल? खिशातून मऊ कोरडे फडके काढले आणि फळ्याची चौकट चारी बाजूंनी पुसली. म्हणाले, "बाई, अशा पुष्कळ फळ्यांच्या चौकटीतून डोळ्यांना न दिसणारे किरण आडवे-उभे जातात. आपलं बोट मध्ये आलं की किरण अडतो आणि बोट कुठं आहे ते यंत्राला समजतं. तुमच्या शेजारचा खडूचा फळा चालू आहे. त्याची भुकटी या चौकटीत साचली की यंत्राला वाटतं बोटच आलं, आणि ते रेघा ओढतं. चूक तुमची नव्हती, खडूच्या धुळीची होती."

बाई काही बोलल्या नाहीत. पण त्यांच्या चेहऱ्यावरचे ओझे उतरलेले मला दिसले. इतक्या एका वाक्यासाठी बिचारीने तीन महिने स्वतःला अडाणी ठरवले होते!

मग तास सुरू झाला. सर मागच्या बाकावर मुलांत बसले आणि शिकवले बाईंनीच. आदल्या दिवशी दोघांनी फोनवर ठरवून ठेवले होते. जिओजेब्रा नावाचा एक फुकट मिळणारा गणिताचा प्रोग्रॅम फळ्यात आधीच भरला होता, त्यामुळे इंटरनेटची वाट बघायची गरज नव्हती.

बाईंनी विचारले, "ऐंशी फूट तारेचं कुंपण आहे. एका रानाची लांबी वीस, रुंदी वीस. दुसऱ्याची लांबी तीस, रुंदी दहा. दोन्हींना तार ऐंशी फूटच लागते. मग रान सारखं, की कुठलं मोठं? शेजाऱ्याशी बोलायचं नाही. पाटीवर लिहा आणि एकदम वर धरा."

पाट्या वर गेल्या. बहुतेकांनी लिहिले होते 'सारखं'. खिडकीत उभ्या असलेल्या तात्यांनीही हळूच मला सांगितले, "तार सारखी म्हंजे रान सारखंच की!"

बाई म्हणाल्या, "आता शेजाऱ्याशी भांडा. तुझं बरोबर कसं ते त्याला पटवून दे." वर्गात कल्ला झाला. दोन मिनिटांनी पुन्हा पाट्या वर. आता चार-सहा उत्तरे बदलली होती. मग बाईंनी तात्यांच्या नातीला फळ्याकडे बोलावले. पोरीने चौकोनाचा कोपरा बोटाने धरून ओढला. चौकोन लांब आणि अरुंद होत गेला. तारेचा आकडा ऐंशीवर थांबलेला, पण आतल्या रानाचा आकडा चारशेवरून तीनशेवर आला. आणखी ओढले, पस्तीस बाय पाच झाले, आकडा एकशे पंच्याहत्तर! पोरं ओरडली, "बाई, रान आटलं!" आणि तात्या खिडकीतून म्हणाले, "आयला, मीबी चुकलो की!"

मंडळी, या फळ्याचे खरे काम मला त्या दिवशी कळले. खडूच्या फळ्यावर चौकोन ओढून लहान-मोठा करता येत नाही. इथे आकार हलतो आणि त्याच्याबरोबर आकडाही हलतो. पण नुसता तो दाखवला असता तर एक पोर फळ्यापाशी आणि बाकीची सिनेमा बघतात तशी बघत बसली असती. पोरांनी आधी स्वतः विचार करून पाटीवर लिहिले, मग वाद घातला, म्हणून फळ्यावरचा आकडा प्रत्येकाला आपला वाटला. अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठातले एरिक माझूर नावाचे प्राध्यापक १९९१ पासून पदार्थविज्ञान याच रीतीने शिकवू लागले. आधी प्रश्न, मग एकेकट्याने उत्तर, मग शेजाऱ्याशी चर्चा, मग पुन्हा उत्तर. तिकडे पोरांच्या हाती बटणे असतात, आपल्याकडे पाटी चालते. 'प्लिकर्स' म्हणून एक सोयही आहे. पोराच्या हाती फक्त छापील पुठ्ठा असतो. पुठ्ठ्याची कोणती बाजू वर धरली त्यावरून उत्तर ठरते आणि बाईंच्या मोबाइलचा कॅमेरा सगळ्या वर्गाची उत्तरे एका झटक्यात वाचतो. लाजरी पोरगीही उत्तर देते, कारण तिचे चुकलेले इतरांना दिसत नाही.

तासानंतर सर बाईंना म्हणाले, "आज एकच गोष्ट शिकायची. दुसरी पंधरा दिवसांनी, मी परत येईन तेव्हा."

पंधरा दिवस म्हटल्यावर मला एकदम ऐंशीच्या दशकातली कृषी खात्याची 'प्रशिक्षण आणि भेट' योजना आठवली. आपल्या वाचकांतल्या जुन्या मंडळींनाही आठवत असेल. डॅनियल बेनॉर या कृषितज्ज्ञाने ती पद्धत घालून दिली होती. गावपातळीवरच्या विस्तार कार्यकर्त्याने आधी स्वतः शिकायचे, मग ठरल्या वारी, ठरल्या गावी, पंधरवड्याला शेतकऱ्याच्या बांधावर जायचे. या योजनेत दोषही होते. कधी सगळ्यांना एकच सल्ला मिळे, तर कधी मोठ्या बागायतदाराच्याच बांधावर गाडी थांबे. पण नावातला तो दुसरा शब्द लाखमोलाचा होता, 'भेट'. शिक्षकांच्या बाबतीत आपण प्रशिक्षण ठेवले आणि भेट विसरलो.

हे माझे एकट्याचे मत नाही. अमेरिकेत ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स या दोघांनी १९८० च्या सुमारास शिक्षकांच्या प्रशिक्षणाचा अभ्यास करून हेच सांगितले. समजावून सांगितले, करून दाखवले, सराव घेतला, तरी स्वतःच्या वर्गात गेल्यावर फार थोडे शिक्षक नवी रीत टिकवतात. जोडीला कुणी सहकारी वर्गात येऊन सोबत करू लागला, की मग ती रीत अंगवळणी पडते.

तेव्हा तुमच्या गावातही असा रुमालाखाली झाकलेला फळा असेल, तर बाईंना नावे ठेवण्याआधी चार गोष्टी करा. तुम्हाला तो अधिकारही आहे. शिक्षणाचा हक्क देणाऱ्या २००९ च्या कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सभासद पालक असावेत आणि एकूण सभासदांत निम्म्या महिला असाव्यात, असे सांगितले आहे.

पहिली गोष्ट, यंत्र घेण्याआधीच विचारा की बसवणारा माणूस परत किती वेळा येणार. उद्घाटनानंतर महिन्याने आणि तीन महिन्यांनी वर्गात येऊन शिक्षकांसमोर बसण्याची अट लेखी घ्या. वर्गणीतली थोडी रक्कम दुरुस्तीसाठी आणि विजेच्या सोयीसाठी बाजूला ठेवा. लोडशेडिंगमध्ये बंद पडणारा आणि दाब वरखाली झाला की जळणारा फळा म्हणजे बैलाविना गाडी.

दुसरी गोष्ट, केंद्राच्या शिक्षण परिषदेत केंद्रप्रमुखांना विनंती करा की जवळच्या ज्या शाळेत फळा रोज चालतो तिथल्या शिक्षकाची आणि तुमच्या शिक्षकाची जोडी लावून द्यावी. एकदा त्यांनी इकडे यावे, एकदा यांनी तिकडे जावे. अधिकारी मागे वही घेऊन बसला की माणूस घाबरतो. बरोबरीचा माणूस बसला की धीर येतो.

तिसरी गोष्ट, इंटरनेटवर विसंबू नका. २०१७ पासून सुरू असलेल्या 'दीक्षा' या सरकारी व्यासपीठावरचे पुष्कळ साहित्य आधी उतरवून ठेवता येते. उद्या लागणारे आज रात्री घरी उतरवावे, जसे आपण सकाळच्या भाकरीचे पीठ रात्रीच दळून ठेवतो. आणि एका तासात फळा दहा मिनिटे वापरला तरी पुरे. धड्यातल्या ज्या जागी पोरे अडतात तिथेच तो लावावा. हाताने माती कालवून, बी रुजवून जे कळते ते पडद्यावर दाखवायला जाऊ नये.

चौथी गोष्ट सर्वांत स्वस्त आणि सर्वांत अवघड. बाईंना चुकू द्या. आपण नवा ट्रॅक्टर घेतला तेव्हा पहिल्याच दिवशी सरळ तास निघाला होता का? पोरांनाही सांगा की नवीन शिकताना मोठी माणसेही चुकतात. बाईंना फळा येत नाही हे पोरांसमोर बोलू नका. शिक्षकाचा मान गेला की फळा सोन्याचा असला तरी पोर त्याच्याकडे बघत नाही.

यंत्राशिवाय शिकवणेच होत नाही असे मात्र कुणी समजू नये. २०२० साली साथीमुळे शाळा बंद पडल्या, तेव्हा आपल्या सोलापुरातल्या नीलमनगर भागात शिक्षकांनी घरांच्या बाहेरच्या भिंतींवर धडे रंगवून घेतले. पोरे गल्लीतून फिरत फिरत भिंती वाचत शिकली. तिथे ना वीज होती ना टच. पोरांना काय हवे हे जाणणारी माणसे होती. असा माणूस वर्गात असला, की मग भिंतही चालते आणि लाखाचा फळाही कामी येतो.

दिवाळीच्या आधी पुन्हा त्या वस्तीवर जाणे झाले. सर मध्ये दोनदा येऊन गेले होते. आता बाईच शेजारच्या वाडीतल्या एका नव्या शिक्षिकेच्या वर्गात जाऊन बसणार होत्या, त्याची तयारी चालली होती. तात्यांना विचारले, "काय तात्या, पैसे पाण्यात गेले का?" तात्या हसले. म्हणाले, "पाण्यात न्हाई, पाटात गेलं म्हणा. पाणी दारं धरणाऱ्याबिगर रानात पोचत न्हाई, हे आमीच इसरलो हुतो."

वेलबुट्टीचा तो रुमाल बाईंनी घडी करून फळ्याखाली ठेवला होता. रोज सकाळी एक पोर त्याने चौकट पुसते.